टॅबलेट घ्यायचा की ई-रीडर?

श्रोतेहो, नमस्कार. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत बेळगावच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "टॅबलेट घेऊ की किंडल?" किंडल म्हणजे ॲमेझॉनचा ई-रीडर, पुस्तकं वाचण्यासाठीचं यंत्र. दुकानदार किंमत सांगतो, मेमरी सांगतो. पण वाचणार कोण आणि काय, हे आधी घरातच ठरवा.

खानापूरकडच्या मराठी शाळेतल्या मुलीच्या दप्तरात मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषा असतात. पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये, रंगीत नकाशे-आकृत्यांसह. सहा इंची ई-रीडरवर असं पान उघडलं की अक्षर मुंगीएवढं दिसतं. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि पान सारखं इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे शेवटी फोटोच. तिला दहा इंची टॅबलेट घ्या. मराठी विश्वकोशही त्यावर सहज चाळता येईल. स्वस्त म्हणून सात इंची घेऊ नका, त्यावर पाठ्यपुस्तकाचं पान दाटीवाटीचंच दिसतं.

कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांतून पिशवीभर पुस्तकं आणणारे आजोबा घरात असतील, तर त्यांना मात्र ई-रीडरच द्या. त्याच्या पडद्यात विद्युतभारित काळे-पांढरे कण असतात. पान उलटताना ते हलतात आणि मग जागीच थांबतात. वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते, म्हणून एक चार्जिंग कित्येक दिवस पुरतं. पावसाळ्यात खानापूर भागात लाइट गेली तरी वाचन चालू राहतं. भर उन्हात, अंगणातही अक्षर स्वच्छ दिसतं, आणि पीडीएफ नसलेल्या ई-पुस्तकात ते हवं तेवढं मोठं करता येतं. वजन जेमतेम 200 ग्रॅम. दहा इंची टॅबलेट अर्ध्या किलोच्या घरात जातो, म्हाताऱ्या मनगटाला तो जड होतो.

डिसेंबर 2016 पासून किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचं स्वतंत्र दालन आहे. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातली पुस्तकं ई-पब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात फुकट उतरवता येतात. मात्र जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली फाइल रूपांतरित केली तर नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात.

ई-रीडर बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून परतीची मुदत आधी विचारून घ्या. यंत्र हातात आलं की त्याच दिवशी आपली एक मराठी फाइल त्यात घाला आणि 'दृष्टी', 'वाऱ्यावर', 'ज्ञानेश्वर' हे शब्द शोधून पाहा. जोडाक्षरं तुटलेली दिसली तर मुदत संपायच्या आत यंत्र परत करा.