शपथ एकाच बाजूची

पोलंडच्या ताब्यातल्या युक्रेनमधलं, चिहिरिनजवळचं सुबोतिव. इथली जहागीर बोगदान ख्मेल्नित्स्कीला वडिलांकडून आलेली. १६४७ च्या सुमारास चाप्लिन्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने ती बळकावली. बोगदानने वरपर्यंत दाद मागितली, पदरी काही पडलं नाही. तोवर तो बंडखोर नव्हता बरं का. पोलंडच्या राजाच्या चाकरीतला कोसॅक (म्हणजे युक्रेनच्या सरहद्दीवरच्या लढवय्यांपैकी) अधिकारी होता.

तो पळाला तो नीपर नदीच्या खालच्या अंगाला, झापोरोझियाच्या कोसॅकांकडे. तिथे चिडलेल्यांची वाण नव्हती. पगारी कोसॅकांची यादी पोलंडने आखडती ठेवली होती, आणि यादीबाहेरच्यांना जमीनदारांची वेठबिगारी करायची नव्हती.

त्यांना घेऊन बोगदानने बंड पुकारलं. ते मोडायला निघालेल्या पोलिश फौजेत होड्यांतून येणारे पगारी कोसॅकही होते. मे १६४८ मध्ये त्यांनी वाटेतच आपले वरिष्ठ कापले आणि ते बोगदानला मिळाले. महिनाभरात पोलंडचे दोन्ही सेनापती कैदेत! पण त्याच वर्षी नेमिरिव आणि तुल्चिनमध्ये बंडवाल्यांनी ज्यूंची भीषण कत्तल केली. बोगदानचे पुतळे उभारणारे हे सहसा सांगत नाहीत.

बोगदानच्या मदतीला आलेलं घोडदळ होतं क्रिमियाच्या तातार खानाचं, आणि खानाचा हिशेब वेगळा होता. १६४९ मध्ये झ्बोरिवला पोलंडचा राजा कोंडीत सापडला, तर खानाने त्याच्याशी तह करून टाकला. १६५१ मध्ये बेरेस्तेच्कोला तो ऐन लढाईतून निघून गेला. याला दगा म्हणा हवं तर. पण पोलंड पुरता बुडाला असता, तर उद्या खानाला कोसॅकच डोईजड झाले असते.

उरला मॉस्कोचा झार. जानेवारी १६५४, पेरेयास्लावचं चर्च. बोगदान म्हणाला, आम्ही निष्ठेची शपथ घेतो, झारच्या वतीने तुम्हीही घ्या. झारचा दूत बुतुर्लिन याने साफ नकार दिला: झार प्रजेला शपथ देत नसतो. पोलंडचे राजे देतात की, असं कोसॅक म्हणाले. बोगदान बाहेर पडला, सरदारांशी बोलला, परत आला आणि त्याने शपथ घेतली. एकतर्फी.

दोनच वर्षांत मॉस्कोने पोलंडशी परस्पर युद्धबंदी केली. मग बोगदाननेही स्वीडन आणि ट्रान्सिल्व्हेनियाशी सूत जुळवलं. १६५७ मध्ये तो वारला. त्याच्या जागी कोसॅकांचा प्रमुख झालेल्या विहोव्स्कीने पुढच्याच वर्षी हादियाचला थेट पोलंडशी तह केला! तोही टिकला नाही.

१६६७ मध्ये आंद्रुसोवोला पोलंड आणि मॉस्को यांनी कोसॅकांना न विचारता नीपरच्या धारेवर युक्रेन वाटून घेतला. उजव्या काठचं कीव मॉस्कोकडे फक्त दोन वर्षं राहायचं ठरलं होतं. ते पोलंडला परत मिळालंच नाही.