आणि वेडी असले तर?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव इतकं लांब छापलंय की ते वाचूनच दाखवते, तेवढाच वेळ जाईल. 'ट्रान्सद्वेष आणि मनोरुग्णांविषयीचा पूर्वग्रह : तीन दुवे'. तीन हा आकडा मी फोनवर घाईत सांगितला होता. तेव्हा दोनच माहीत होते, तिसरा आजपर्यंत सापडेल असं वाटलं.

एका वाक्यापासून सुरू करते. तुम्ही सगळ्यांनी ते कधी ना कधी म्हटलंय, मी तर शंभरदा म्हटलंय. 'ट्रान्स असणं हा मानसिक आजार नाही.' ट्रान्स म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून जिची ओळख वेगळी आहे, माझ्यासारखी. वाक्य खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण लावतो त्या सुराबद्दल. 'आम्ही काय वेडे आहोत का?' चोरीचा आळ झटकावा तसा तो सूर असतो. अहो, चोरी हा गुन्हा आहे, नैराश्य हा गुन्हा कधीपासून झाला? 'वेडी आहे ती' ही शिवी लागते, कारण वेड्या माणसाचं बोलणं मोजायचं नाही हे शिवी देणाऱ्यानं आणि खाणाऱ्यानं, दोघांनीही आधीच मान्य केलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच. ज्यांना लवकर निघायचंय त्यांनी एवढं घेऊन निघावं.

नाही तरी 'वेडा' हा आपल्याकडे लाडाचा शब्द आहे. 'वेडी आहेस का गं' असं म्हणत आई जवळ घेते. गाण्याचं वेड असतं, वाचनाचं असतं. तेच 'वेडसर' म्हणा, की माणूस बोलत असताना समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो. तुम्ही बघू नका, मला अजून वेळ आहे.

आता माझी गोष्ट. काहींनी ही आधी ऐकलीय, त्यांनी हसायच्या जागी हसून बाकीच्यांना मदत करावी.

काही वर्षांपूर्वी लिंगओळखीशी शरीर जुळवणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी मला मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र हवं होतं. त्या पत्रात दोन गोष्टी लागायच्या. पहिली, या बाईला अमुक एक निदान लागू होतं. दुसरी, ते सोडलं तर हिचं मन ठणठणीत आहे. नियमात 'दुसरं काही असल्यास आटोक्यात असावं' असं सौम्य शब्दांत लिहिलेलं होतं, पण रांगेत बसलेल्या आमच्यापैकी एकीचाही त्यावर विश्वास नव्हता. आमच्या हिशेबानं एक आजार असायलाच हवा होता आणि दुसरा नसायलाच हवा होता.

मला दुसरा होता. सोळाव्या वर्षापासूनचा, चांगला मुरलेला. नैराश्य आणि चिंता, दोघं जोडीनंच येतात. रोज सकाळी अकराला गोळी.

या मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या थोरल्या मैत्रिणी आमच्यात असतात. मला शिकवायला होती ती आधीच्या जन्मी नक्की शिकवणी घेत असणार. "झोप लागते?" "छान लागते." "रडू येतं?" "सिनेमात येतं." "बरोबर. पण सिनेमाचं नाव सांगायचं नाही, त्यावरून पुढचे प्रश्न निघतात. कधीपासून वाटतं?" मी म्हटलं, "बावीस वर्षांची असल्यापासून." तिनं कपाळावर हात मारला. "बावीस हा आकडा तोंडातून काढायचा नाही. लहानपणापासून वाटलं तर निदान. उशिरा वाटलं तर खूळ." माझं लहानपण आम्ही दोघींनी एका दुपारात नव्यानं लिहून काढलं. खऱ्यापेक्षा बरं जमलं होतं.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. माणूस भला होता. डोळे तारवटलेले होते, माझ्याहून कमी झोपलेले दिसत होते. "यापूर्वी कधी मानसिक उपचार?" मी म्हटलं, "नाही." आणि टेबलावर उताणा ठेवलेला माझा फोन वाजला. अकरा वाजले होते. गजर माझ्या बहिणीनं लावून दिलेला होता आणि त्याला तिनंच नाव दिलं होतं. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं : 'गोळी घे गं वेडे.'

डॉक्टरांनी वाचलं. मीही वाचलं. "कसली गोळी?" "व्हिटॅमिन." "कोणतं?" "बी." "बी किती?" "सगळीच."

त्यांनी काहीतरी लिहिलं. आठवड्यानं पत्र मिळालं, त्यात 'मानसिकदृष्ट्या स्थिर' असे शब्द होते. त्या दिवसांत मी रात्री तीन तास झोपत होते आणि केस धुवायचे म्हटलं तरी दोन दिवस मनाची तयारी करावी लागत होती. मन चांगलं असल्याचं आयुष्यात मला एकच प्रमाणपत्र मिळालं, आणि तेही खोटं बोलून.

याची दुसरी बाजू तर मी फारशी कुणाला सांगत नाही. नैराश्याच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांपासून मी ट्रान्स असल्याचं लपवलं होतं. त्यांच्याकडे मी जुन्या नावानं आणि जुन्या शर्टात जायचे. कळलं असतं तर नैराश्याचं खापर त्यावर फुटलं असतं. म्हणजे एका डॉक्टरांना माझी एक बाजू ठाऊक, दुसऱ्यांना दुसरी, आणि दोघांचे कागद एकत्र केले तर कुठे एक पुरी बाई तयार व्हायची. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी मला फार वाईट दिवस आले. कुणालाही बोलले नाही. बोलले असते तर लगेच कुणीतरी म्हणालं असतं, 'बघा, पस्तावली.' मी पस्तावले नव्हते. मला नैराश्य आलं होतं, दर दोन-तीन वर्षांनी येतं तसं. पण हे वाक्य म्हणायला जागाच नव्हती.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' आणि खाली रेघ मारलीय. बरं. तीन दुवे दहा मिनिटांत.

पहिला, निदानाचा शस्त्रासारखा वापर. 1851 साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं पळून जाणाऱ्या गुलामांसाठी 'ड्रेपटोमेनिया' नावाचा मनाचा रोग शोधून काढला. माणूस बेडी तोडून पळतो तो रोगामुळे, बेडीमुळे नव्हे. पुढे समलैंगिकता मनोविकारांच्या अधिकृत यादीत होती. 1972 मध्ये जॉन फ्रायर हा मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच्या व्यवसायबंधूंसमोर आपण समलैंगिक आहोत हे सांगायला उभा राहिला, तेव्हा त्यानं मुखवटा घातला होता, आवाज बदलणारा माईक लावला होता आणि नाव घेतलं होतं डॉ. एच. अनॉनिमस. त्याला भीती होती ती सहव्यावसायिकांचीच. 1973 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेनं समलैंगिकता यादीतून काढली. त्याच यादीच्या, म्हणजे डीएसएमच्या, 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत 'ट्रान्ससेक्शुअलिझम', म्हणजे आम्ही, आत आलं. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ओळखीऐवजी तिच्यातून होणाऱ्या क्लेशाला नाव मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक यादीत तर आम्हाला मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलं. मी त्या दिवशी पेढे वाटले, आणि पुन्हा वाटेन. फक्त पेढे वाटताना जुन्या खोलीत कोण मागे राहिलं, हे मी वळून पाहिलं नाही.

दुसरा दुवा. 'तुमच्यात नैराश्य इतकं दिसतं, म्हणजे मुळात हा आजारच.' 2016 मध्ये मेक्सिको सिटीतल्या 250 ट्रान्स व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या मानसिक त्रासाचा संबंध लिंगओळखीतल्या विसंगतीपेक्षा नाकारलं जाण्याशी आणि हिंसेशी जास्त दिसला. हा अभ्यास मी वादात नेहमी वापरते. पण खरं सांगू? माझ्या आजीलाही नैराश्य होतं आणि तिला कुणी नाकारलं नव्हतं. माझं थोडं जगानं दिलेलं असेल, थोडं आजीकडून आलेलं असेल. ते जगानं दिलंय हे सिद्ध झालं तरच माझ्यावर विश्वास ठेवणार असाल, तर पुन्हा तीच रांग आणि तेच पत्र.

तिसरा दुवा, जो काल रात्री सापडला. नोव्हेंबर 2006 मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकर्त्यात जमलेल्या तज्ज्ञांनी लैंगिकता आणि लिंगओळख यांविषयीची तत्त्वं ठरवली. त्यातलं अठरावं तत्त्व म्हणतं, लिंगओळख हा आजार नाही, तिच्यावर उपचार करू नयेत. डिसेंबर 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्यात मनोसामाजिक अपंगत्व, म्हणजे मानसिक आजारानं येणारं, तेही येतं. त्याचं बारावं कलम म्हणतं, कायद्यापुढे यांची निर्णयक्षमता इतरांच्या बरोबरीची. महिन्याभराच्या अंतरानं आलेले दोन कागद. पहिला म्हणतो, आम्ही आजारी नाही. दुसरा म्हणतो, असू किंवा नसू, सही आमचीच चालेल. मला पहिला आवडतो, पण रांगेत उभी असताना कामाचा दुसरा होता. डॉक्टरांनी काही विचारूच नये असं मी म्हणत नाही. विचारा, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कुणाला तरी माझ्या उशाशी बसवता येईल. दार लावून घ्यायला विचारू नका.

दोन मिनिटं राहिली. माझी एक मैत्रीण आहे, तिला आवाज ऐकू येतात. स्किझोफ्रेनिया आहे आणि ती ट्रान्स आहे. आमच्या मोर्चात तिला माईक देत नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. मनोरुग्णांच्या गटात तिला समजावतात, गोळ्या वाढवल्या की हे बाईपण उतरेल. तिनं मला एकदा सांगितलं, "आवाज मला काय वाटेल ते सांगतात. पण मी बाई आहे हे त्यांनी कधीच सांगितलेलं नाही. ते मला अजून जुन्याच नावानं हाका मारतात."

झालं. प्रश्न असतील तर माईक त्या बाजूनं फिरवा. ती मागच्या रांगेत बसलीय, पहिला तिच्याकडे न्या.