बांधावरची घायपात आणि गाडीतलं पेट्रोल

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘घायपातीच्या पानांपासून इथेनॉल’. त्यावर येतोच. पण घायपात, म्हणजे बांधावरची ती जाड, काटेरी पानांची वनस्पती, म्हटलं की मला आधी बँक आठवते.

साक्रीकडे आमची मुरमाड जमीन आहे, त्यातला मोठा तुकडा सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य. म्हटलं, बाजरीही धड येत नाही तिथे घायपात लावू. कर्ज मागायला गेलो. साहेबांनी पिकांची यादी काढली, वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. केळी आहे, कापूस आहे, मिरची आहे. “घायपात पिकात बसत नाही.” म्हटलं, मग कुंपण म्हणून द्या. “कुंपणाला तारेचं कोटेशन लागतं.” आता बांधावरच्या झाडाचं कोटेशन मी कोणाकडून आणू? मागे रांगेत एक आजोबा होते. म्हणाले, “नाना, जे बकरी खात नई, त्याले बँक काय खाई!” (हशा)

हसा. पण त्याच आजोबांच्या पिढीने घायपातीच्या वाखाचे, म्हणजे पानातल्या धाग्यांचे, दोर वळले. पानं डोहात कुजवायची, दगडावर ठोकायची. वास असा की जेवण जाऊ नये, वर अंगाला खाज. त्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. नायलॉन आलं नि सगळं बसलं. नायलॉनच्या दाव्याने बैलाची मान सोलते, पण तो वेगळा विषय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर, शंभर किलो पानातून वाख निघतो साधारण चार किलो. उरलेला रस नि चोथा आपण फेकतो. माझं म्हणणं त्या फेकलेल्यावर आहे. रसात साखर असते, पण बरीचशी फ्रुक्टनच्या रूपात, म्हणजे फळसाखरेच्या लांब साखळ्यांत. नेहमीच्या यीस्टला ती नीट पचत नाही. आधी उष्णता, आम्ल किंवा विकर (एन्झाइम) वापरून फोडावी लागते, मग आंबवण, मग ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेतून इथेनॉल वेगळं काढणं. चोथा वाळवून बॉयलरला.

उत्तर क्वीन्सलंडमधल्या अभ्यासात हेक्टरी वर्षाला सुमारे ७,४०० लिटर इथेनॉलचा हिशेब निघाला. उसाचा सुमारे ९,९००. पण ती टकीलाची निळी घायपात, नि आकडा गाभ्यासकट. गाभ्यातच साखर जास्त. नुसत्या पानांना तो आकडा लावून कोणी कारखाना विकायला आला तर हाकलून द्या.

मग पानं कशाला? कारण घायपातीला पाणी कमी लागतं. ही वनस्पती दिवसा छिद्रं मिटून घेते, रात्री उघडते, म्हणून पाणी फार उडत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०३० च्या आधीच गाठायचं ठरलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर काही काळ बंधन आलं. पाऊस हुकला की ऊस हुकतो. आणि घायपातीत तोडणी, वाहतूक वाखाच्याच खर्चात झालेली असते.

अडचण एकच मोठी: पान जड, रस लवकर आंबतो. धुळ्याहून दूर कुठे नेऊन भागणार नाही. वाखाचं यंत्र नि रसाची टाकी तालुक्यातच हवी. अध्यक्ष उठले... बसतो. बँकेचे कोणी आले असतील तर चहाला थांबा.