एंटरप्राइजची दारं कोण ओढायचं?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की 'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या मालिकेतल्या विज्ञानावर बोलणार का? नाही. त्यातलं विज्ञान किती खरं आणि किती थापा, हे सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. मी बोलणार आहे सुतार, शिंपी, मेकअपवाले आणि प्रॉपर्टी, म्हणजे चित्रीकरणात लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्यांबद्दल. तेही फक्त मूळ मालिकेपुरतं. ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी या दूरचित्रवाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी ७९ भागांवर आटोपली.

ज्यांनी ती पाहिली असेल, त्यांना एंटरप्राइज यानातली सरकती दारं नक्की आठवत असतील. माणूस जवळ आला की दार आपोआप बाजूला. प्रत्यक्षात त्या दारांना ना मोटर होती, ना सेन्सर. भिंतीमागे कामगार उभे असायचे आणि ते दार ओढायचे. नटाने बेधडक चालत यायचं, पावलं मंद करायची नाहीत, कारण कॅप्टन दारापाशी बिचकला तर भविष्यकाळच कोसळला. मागच्या माणसाचा अंदाज क्षणभर चुकला, की नटाचं नाक दारावर. असे बाद झालेले तुकडे जपून ठेवलेत आणि ते आजही बघायला मिळतात. माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात प्रामाणिक चित्रण तेच.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की मालिका घडते त्या तेविसाव्या शतकातलं म्हणून जे जग आपण डोक्यात घेऊन बसलोय, त्यातलं बरंचसं कुणा द्रष्ट्याच्या टेबलावर जन्मलेलं नाही. ते पैसे कमी पडले म्हणून, वेळ कमी पडला म्हणून, आणि हाताशी हुन्नर असलेली माणसं होती म्हणून झालं.

जीन रॉडनबेरी हा या मालिकेचा जनक. महायुद्धात बॉम्बर वैमानिक, मग लॉस एंजेलिसमध्ये पोलीस, मग पटकथालेखक. त्याची कल्पना ज्या डेसिलू स्टुडिओने उचलली, त्याची मालकीण ल्युसिल बॉल. अमेरिकेतली तेव्हाची सगळ्यात लाडकी विनोदी अभिनेत्री. एवढी महागडी मालिका नको, असं तिच्या संचालक मंडळाचं मत होतं. तिने ते बाजूला सारलं. १९६४ च्या अखेरीस पहिला नमुना भाग चित्रित झाला, तो एनबीसीने परत पाठवला. डोक्याला फार ताण देतो, ही तक्रार. तरी त्यांनी दुसरा नमुना करायला सांगितलं, जे तेव्हा सहसा होत नसे. दुसऱ्या नमुन्यात विल्यम शॅटनर कॅप्टन कर्क झाला आणि गाडी रुळावर आली. नाकारलेला पहिला भागही वाया गेला नाही. पुढे तो कापून, भोवती नवं कथानक गुंफून, त्याचा दोन भागांचा 'द मेनॅजरी' केला. घरातलं काही फेकायचं नाही, हा बाणा सुरुवातीपासूनच होता.

आता ट्रान्सपोर्टर. माणसं चकचकत विरघळतात आणि ग्रहावर उगवतात. मालिकेची ओळखच ती. पण ही युक्ती निघाली कशी? दर आठवड्याला नवा ग्रह, आणि दर आठवड्याला एवढं मोठं यान त्यावर उतरवायचं. ते दाखवायचा खर्च पहिल्या हंगामातल्या भागामागच्या अंदाजे १ लाख ९० हजार डॉलरमध्ये बसणं शक्यच नव्हतं. मग यान उतरवायचंच कशाला? माणसंच पाठवू. आणि ती चकचक म्हणजे काय, तर ॲल्युमिनियमची पूड. काळ्या पडद्यासमोर ती भुरभुरायची, वरून झगझगीत प्रकाश सोडायचा, आणि त्याचं चित्रीकरण करून नटाच्या आकृतीत बसवायचं. नट आधी जागेवर उभा, मग तोच कोन ठेवून रिकामी जागा, आणि मधे ही पूड. कथेलाही त्याचा फायदा झाला. उतरण्यात वेळ जात नसल्यामुळे जाहिरातीनंतर दुसऱ्याच मिनिटाला आपण संकटात.

मीठदाणीची गोष्ट तर मला फारच आवडते. प्रसारित झालेला पहिला भाग, 'द मॅन ट्रॅप'. त्यातला प्राणी माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेतो, म्हणून पडद्यावर मीठदाणी दाखवणं भाग होतं. प्रॉपर्टीवाल्यांनी बाजार धुंडाळून चांगल्या नक्षीदार, भविष्यकाळात शोभतील अशा मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या शोभत होत्या, की ती मीठदाणी आहे हेच प्रेक्षकाला कळलं नसतं. शेवटी साधी, हॉटेलातल्या टेबलावर असते तशी मीठदाणी कॅमेऱ्यासमोर आली. उरलेल्या नक्षीदार मीठदाण्या यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या बॅगेत गेल्या आणि शस्त्रक्रियेची उपकरणं झाल्या. पुढची तीन वर्षं मॅकॉय रुग्णाच्या अंगावरून जे काही फिरवतो, त्यात त्या आहेत.

त्या मीठ शोषणाऱ्या प्राण्याचा मुखवटा वा चँगने बनवला. हा चिनी वंशाचा अमेरिकन शिल्पकार. पोलिओ झालेला, त्यामुळे पायांना आधार बांधून चालणारा. हातातला कम्युनिकेटर, खांद्याला लटकणारा ट्रायकॉर्डर म्हणजे तपासणीचं यंत्र, 'अरीना' भागातला सरड्यासारखा गॉर्न, हे सगळं त्याच्या कार्यशाळेतलं. पण तो स्टुडिओच्या कामगार संघटनेचा सदस्य नव्हता, म्हणून त्याचं काम 'बाहेरून विकत आणलेला तयार माल' आहे असं दाखवावं लागे. साहजिकच श्रेयनामावलीत त्याला जागा नाही. झाकण उघडून बोलायचा तो कम्युनिकेटर जगातली निम्मी पोरं पुठ्ठ्याचा करून खेळली, आणि करणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

रंगांच्या भानगडी वेगळ्याच. पहिल्या नमुना भागात हिरव्या कांतीची नर्तकी हवी होती. मेकअप चाचणीसाठी अभिनेत्री मॅजेल बॅरेटला हिरवं रंगवलं, फिल्म धुवायला पाठवली. परत आली तर बाई नेहमीसारखी गोरी. दुसऱ्या दिवशी रंग आणखी गडद फासला, तरी गोरी. तिसऱ्यांदाही तेच. मग उलगडा झाला, की प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ 'रंग बिघडलाय' असं समजून इमानदारीने दुरुस्त करत बसले होते! कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं, की बाई हिरवीच हवीय. ही हकिगत रॉडनबेरीच्या गोटातली मंडळी रंगवून सांगत, त्यामुळे थोडा मसाला गृहीत धरा.

कर्कचा सोनेरी शर्ट हाही रंगाचाच खेळ. विल्यम वेअर थाइस या वेशभूषाकाराने तो शेवाळी हिरव्या वेलूरचा, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचा, शिवला होता. सेटवरचे दिवे आणि फिल्म यांच्या संगनमताने तो पडद्यावर सोनेरी झाला. काही भागांत कर्क दुसऱ्या कापडाचा शर्ट घालतो, तो हिरवाच दिसतो, आणि प्रेक्षक वर्षानुवर्षं वाद घालत बसतात की हा वेगळा गणवेश कशासाठी. रंगातला फरक कापडामुळे. शिवाय वेलूर धुलाईत आटायचं. तिसऱ्या हंगामात कंटाळून नायलॉनचे शर्ट आणले.

पैशाच्या बाबतीत मात्र एक शहाणपणाचा सौदा झाला. छोटं शटलयान बांधायला पैसे नव्हते. एएमटी ही खेळण्यातली जुळणीची मॉडेलं बनवणारी कंपनी. तिने यानांची मॉडेलं विकायच्या हक्कांच्या बदल्यात पूर्ण आकाराचं शटलयान बांधून दिलं. 'द गॅलिलिओ सेव्हन'मध्ये ते दिसलं. मग 'द डूम्सडे मशीन' या भागात एंटरप्राइजच्या जातीचंच, पण मोडकं यान हवं होतं. दुसरं मोठं मॉडेल कोण करणार? एएमटीचं दुकानात मिळणारं प्लॅस्टिकचं एंटरप्राइज घेतलं, जाळलं, तोडलं, आणि झालं 'कॉन्स्टेलेशन'. एंटरप्राइजचा क्रमांक १७०१, याचा १०१७. कुठलं गूढ नका शोधू. खेळण्याच्या खोक्यातले अंक इकडचे तिकडे चिकटवलेत. त्यात ग्रह गिळणारं जे राक्षसी यंत्र आहे, ते म्हणजे सिमेंटमध्ये बुडवलेली, विमानतळावर असते तशी वारादर्शक पिशवी, असं त्या भागाचा लेखक नॉर्मन स्पिनराड सांगायचा. त्याच्या मनात अंगभर शस्त्रं असलेलं यंत्र होतं, त्यामुळे हे सांगताना कौतुकाचा सूर नसायचा.

ट्रिबल या परग्रहावरच्या प्राण्यांचं काय सांगू! केसाळ गोळे, जन्मताच गाभण. सुमारे ५०० गोळे शिवून घेतले, मजुरी ३५० डॉलर. म्हणजे गोळ्यामागे डॉलरसुद्धा नाही. हलणाऱ्या ट्रिबलच्या पोटात बाजारातल्या चालत्या खेळण्यातल्या कुत्र्यांची यंत्रं घातली. कर्क कोठाराचं झाकण उघडतो आणि त्याच्यावर ट्रिबलचा धबधबा कोसळतो, तो प्रसंग आठवा. गोळे वरून टाकणाऱ्यांना खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. पुरेसे पडले की नाही, कळायला मार्ग नाही. म्हणून ते टाकतच राहिले. कर्क गंभीर चेहऱ्याने आढावा घेतोय, आणि मधूनच एक गोळा टपकन त्याच्या डोक्यावर. लेखनात नसलेला विनोद फुकटात पदरात पडला.

नटांचं थोडक्यात सांगतो. इंजिनिअर स्कॉटी झालेला जेम्स डूहान कॅनडाच्या सैन्यातून ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला होता. गोळीबारात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. तीन हंगाम तो हात इतक्या सफाईने लपवतो, की सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. बोटं फाकवून करायचा स्पॉक या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याचा नमस्कार ती भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉयने आणला, लहानपणी यहुदी प्रार्थनागृहात पाहिलेल्या पुरोहितांच्या आशीर्वादावरून. मानेवर चिमटा काढून बेशुद्ध करणं हीही त्याचीच सूचना. पटकथेत फेझर या किरणबंदुकीच्या दस्त्याने टोला हाणायचा होता, तो त्याला स्पॉकच्या स्वभावात बसेना. आणि स्पॉकच्या ज्या टोकदार कानांमुळे मालिका ओळखली जाते, ते एनबीसीच्या विक्री विभागाने सुरुवातीच्या प्रचारपत्रकात रंगाचा फवारा मारून चक्क गोल करून टाकले होते. सैतानासारखा दिसतो म्हणून!

भारताचा धागा आहे, पण तो गमतीशीर आहे. १९६७ च्या 'स्पेस सीड' या भागातला खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं त्यात म्हटलंय. नाव रॉडनबेरीच्या महायुद्धातल्या एका परिचितावरून. ऐकून तो संपर्क साधेल, ही आशा. भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबानने केली, चेहरा सावळा करून. ना पगडी, ना दाढी. आपली माणसं पाहून हसतात, पण माँटलबानने काम फर्मास केलंय. खरीखुरी भारतीय अभिनेत्री आली ती १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात, आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा. डोक्याचा पूर्ण गोटा करून.

आता श्रेयाचा मुद्दा. शीर्षकसंगीत अलेक्झांडर करेजचं. यान सुसाट जातं तेव्हाचा 'व्हूश' त्याने स्वतःच्या तोंडाने काढलाय. रॉडनबेरीने त्या चालीवर शब्द लिहिले. ते मालिकेत कधी गायले गेले नाहीत, जायचेही नव्हते. पण गीतकार म्हणून निम्मी रॉयल्टी त्याला मिळाली. कायद्यात बसणारं होतं ते, शोभणारं नव्हतं. रॉडनबेरीची थोरवी मी नाकारत नाही. पण ज्याने दुसऱ्याच्या चालीतला निम्मा वाटा असा काढून घेतला, त्याच्या नावावर सगळं भविष्य लिहून द्यायला माझा हात धजत नाही.

१९६८ च्या सुरुवातीला मालिका बंद होणार अशी हवा झाली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उघडली. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एनबीसीवर मोर्चा नेला. पत्रं इतकी आली, की मार्चमध्ये वाहिनीला प्रसारणातच सांगावं लागलं, मालिका चालू राहतेय, लिहिणं थांबवा. चालू राहिली, पण शुक्रवारी रात्री दहा वाजता, जेव्हा तरुण मंडळी घराबाहेर असायची. आणि पैसे आणखी कापले.

तरी त्या पडत्या हंगामातही एक कमाल आहे. 'स्पेक्टर ऑफ द गन'. काउबॉयच्या काळातलं गाव हवं होतं, ते उभारायला पैसे नाहीत. मग नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या. मागे घर नाही, छप्पर नाही, वर लालभडक आभाळ, भिंतीवर घड्याळ आहे पण भिंतच धड नाही. आणि कथेत कारण दिलं, की परग्रहवासीयांनी हे गाव कर्कच्या मनातल्या अर्धवट माहितीवरून बनवलंय. आपल्या प्रायोगिक रंगभूमीवर एका चौकटीने अख्खा वाडा उभा राहतो, तसंच हे. या भागाला मी बड्या खर्चाच्या कित्येक भागांच्या वर ठेवतो.

शेवटी, कुणी वॉशिंग्टनला जाणार असेल तर एक सांगून ठेवतो. एंटरप्राइजचं चित्रीकरणात वापरलेलं अकरा फुटी मॉडेल तिथल्या स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. रेखाटन मॅट जेफरीजचं, जो स्वतः विमान चालवायचा. १९७४ मध्ये ते दान मिळालं, मधली कित्येक वर्षं तळघरातल्या भेटवस्तूंच्या दुकानात उभं होतं, आणि २०१६ मध्ये नीट डागडुजी करून मुख्य दालनात आलं. लोक उजव्या बाजूने फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही डावीकडे जा. आतल्या दिव्यांच्या वायरी त्या बाजूने बाहेर काढायच्या असल्यामुळे ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायचीच नव्हती, म्हणून तिच्यावर उजवीसारखं बारीक काम केलंच नाही. दुरुस्ती करणाऱ्यांनीही ते नव्याने केलेलं नाही.