पाच-सात माणसांच्या ऑफिसातली नोकरी

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आज एकच प्रश्न पडलेला असतो: मोठ्या कंपनीत जायचं, की इमारतींचे सांगाडे डिझाइन करणाऱ्या एखाद्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या पाच-सात माणसांच्या ऑफिसात? मी स्वतः असं ऑफिस चालवतो. तेव्हा मी आपल्याच दुकानाची जाहिरात करतोय का, यावर नजर ठेवा.

मोठ्या कंपनीत पहिलं वर्षभर कदाचित तुम्ही नुसती फुटिंगच (कॉलमखालचे पाये) कराल, किंवा दुसऱ्यानं बनवलेल्या ईटॅब्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मॉडेलमध्ये लोड भरत बसाल. आमच्याकडे मात्र लवकरच स्टील चेकिंगला, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी सळ्या तपासायला, साइटवर जावं लागतं, कारण पाठवायला दुसरं कोणी नसतंच! तिथं काय दिसतं? कॉलमच्या उभ्या सळ्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांचे हूक, म्हणजे टोकं, ९० अंशांत वाकवलेले. भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, आयएस १३९२०, सांगतं, १३५. सळ्या बांधणारा फिटर म्हणतो, ‘साहेब, इतकी वर्षं असंच करतोय.’ मिक्सर गेटवर उभा, सुपरवायझर घड्याळ बघतोय. भूकंपात बाहेरचं काँक्रीटचं कव्हर निखळलं की ९० अंशांचा हूक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळ्या बाहेर वाकतात. हे परीक्षेत लिहून तुम्ही मार्क मिळवलेले असतात. पण काँक्रीट थांबवा, असं चारचौघांत म्हणायचं म्हणजे घशाला कोरड पडते.

अशा वेळी तुम्ही साहेबांना फोन लावता आणि साहेब स्वतः उचलतात. लहान ऑफिसचा खरा फायदा हा. पण साहेब ‘थांबव, मी येतो’ म्हणणारे असतील, तर. ते ‘जाऊ दे रे, बिल्डर ओळखीचा आहे’ म्हणणारे असले, तर तेही तुम्ही तितक्याच लवकर शिकता. तुमचं काम बघणारा तिथं तो एकच माणूस. त्याच्या खोडी तुमच्या हाताला लागतात, आणि पुढं नोकरी बदलली तरी सहजी सुटत नाहीत.

आता पैशाचं. आमची फी बहुधा चौरस फुटावर ठरते आणि टप्प्याटप्प्यानं येते. शेवटचा टप्पा भोगवटा पत्रापर्यंत लोंबकळतो. २००६चा एमएसएमई कायदा म्हणतो, नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. पण पुढची तीन कामं ज्याच्या हातात, त्याला व्याजाची नोटीस कोण पाठवणार? आणि टॅक्स इन्व्हॉइस काढलं की १८ टक्के जीएसटी आपण भरायचा, समोरच्याचे पैसे येवोत न येवोत. म्हणून आमच्यातले बरेचजण आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवून वाट बघत बसतात. ही ओढाताण शेवटी तुमच्या पगाराच्या तारखेवर येते. शिवाय पीएफचा कायदा २० माणसांपासून लागू होतो, ग्रॅच्युइटीचा १० पासून. पाच माणसांच्या ऑफिसात दोन्ही सक्तीचे नाहीत. हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाखतीत आणखी एक विचारा: माझी कॅल्क्युलेशन्स सहीच्या आधी कोण तपासणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर चहा पिऊन नमस्कार करा.

गेल्या वर्षी पगार कितीदा लांबला, हे मात्र साहेबांना विचारू नका. खाली टपरीवर तिथला ड्राफ्ट्समन भेटेल, त्याला विचारा.