पार्टनरिंगमध्ये अडचण आधी कोण सांगणार?

नमस्कार. बांधकाम करारांवरच्या मागच्या व्हिडिओखाली अनेकांनी विचारले आहे की पार्टनरिंग म्हणजे नेमके काय. मालक, सल्लागार, कंत्राटदार आणि उपकंत्राटदार यांनी उद्दिष्टे एकत्र ठरवायची, हिशेब खुले ठेवायचे आणि वाद जागच्या जागी मिटवायचे, एवढे समजले तरी पुरे आहे. ब्रिटनमध्ये १९९४च्या लेथम अहवालाने आणि १९९८च्या ईगन अहवालाने या पद्धतीला बळ दिले.

खरी अडचण पुढे आहे. चूक किंवा धोका दिसताक्षणी जो कोणी ते सांगेल, त्याचे नुकसान होणार नाही, अशी तरतूद करारात असावी लागते. कार्यशाळा घेऊन सर्वांच्या सह्यांचा फलक साइट ऑफिसात लावणे म्हणजे पार्टनरिंग, हे मला अजिबात मान्य नाही. त्याच ऑफिसातून दंडाची पत्रे निघत असतील, तर त्या सह्यांना काहीही अर्थ उरत नाही.

आधी पैशांच्या अंगाने पाहू. ऑक्टोबर १९९४मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर हीथ्रो एक्स्प्रेसचे बोगदे बांधकाम सुरू असताना कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. विमानतळाची मालक असलेल्या बीएए कंपनीने कोर्टकचेरीत अडकून न पडता कंत्राटदारासह एकच टीम उभारून काम पुढे नेले आणि १९९८मध्ये रेल्वे सुरू झाली. हाच धडा हीथ्रोच्याच टर्मिनल पाच या नव्या इमारतीच्या करारात उतरला. तिथे जोखीम बीएएने स्वतःकडे ठेवली आणि पुरवठादारांना तपासलेला प्रत्यक्ष खर्च आणि त्यावर ठरलेला नफा दिला, त्यामुळे अडचण लपवून कोणालाही फायदा होण्यासारखा नव्हता. छताच्या पोलादी सांगाड्याचा एक भाग हीथ्रोवर नेण्याआधी यॉर्कशायरमध्ये उभा करून पाहिला गेला, जेणेकरून चुका तिथेच सापडाव्यात. मार्च २००८मध्ये टर्मिनल सुरू झाल्यावर प्रवाशांच्या सामानाचा जो गोंधळ उडाला, त्याची आठवण काही प्रेक्षकांनी करून दिली आहे. तो आक्षेप रास्त आहे. मात्र त्याचा मुख्य संबंध अपुऱ्या चाचण्या आणि कर्मचाऱ्यांच्या तयारीशी होता.

आता तोच मुद्दा कलमाच्या अंगाने. १९९३मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या एनईसी (न्यू इंजिनिअरिंग कॉन्ट्रॅक्ट) या नमुना कराराच्या पद्धतीत खर्च, मुदत किंवा दर्जा यांवर परिणाम करू शकणारी गोष्ट कळताच दुसऱ्या पक्षाला पूर्वसूचना देणे कंत्राटदार आणि प्रकल्प व्यवस्थापक या दोघांवरही बंधनकारक असते. अनुभवी कंत्राटदाराला देता आली असती अशी सूचना त्याने दिली नाही, तर त्याची भरपाई सूचना वेळेत दिली होती असे धरून मोजली जाते. म्हणजे गप्प बसणेच महाग पडते.

आणि तिसरे अंग साइटवरचे. पुण्याजवळच्या एका इमारतीत ड्रेनेजचा पाइप थेट बीममधून जातो आहे, हे शटरिंग (काँक्रीटचा साचा) उभे असतानाच प्लंबिंगच्या सुपरवायझरला दिसले होते. तरीही तो बोलला नाही, कारण आधीच्या स्लॅबच्या वेळी त्याने अशीच शंका काढली, तेव्हा ‘विलंबाची जबाबदारी आपली राहील’ असे पत्र त्याच्या हाती पडले होते. स्लॅब भरला गेला आणि पंधरवड्यानंतर बीमपाशी कोअर कटिंगचे, म्हणजे काँक्रीटला भोक पाडण्याचे, मशीन लावून स्ट्रक्चरल सल्लागाराची परवानगी मागण्याची वेळ आली. दोन स्लीव्ह (पाइपसाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवायच्या नळ्या) वेळेवर सरकवल्या असत्या, तर हे काम तासाभरात झाले असते. मला त्या सुपरवायझरचा राग येत नाही, राग येतो तो त्या पत्राचा.

‘हे तर कंत्राटदाराशी संगनमत झाले,’ अशीही एक प्रतिक्रिया आली आहे. सरकारी कामांत ही भीती साहजिक आहे, आणि म्हणूनच खर्चाची वह्या-बिले मालकाच्या लेखापरीक्षकाला केव्हाही पाहता आली पाहिजेत. ही अट नसेल, तर असा करार करू नये.

घर बांधणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की करारात तीन ओळी लिहून घ्या: दर आठवड्याला साइटवर एकत्र बैठक होईल, लेखी सूचना दिल्याबद्दल कोणाचेही बिल अडवले जाणार नाही आणि बदलाचा खर्च काँक्रीट ओतण्यापूर्वी ठरेल.