डिकीतला अ‍ॅम्प आणि इंजिनाची शिट्टी

(दृश्य : फोंड्यातलं एक गॅरेज. गाडीची डिकी उघडी, मागची सीट काढून बाजूला ठेवलेली.)

चावी फिरवली आहे, इंजिन अजून बंद आहे. केसरबाई केरकरांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलंय. मागे खरखर ऐकू येते, ती त्या काळच्या तबकडीची. आता इंजिन सुरू होतं. ऐका.

खरखर होती तशीच आहे. पण तिच्यावर एक बारीक शिट्टी चढली आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा स्वर वर जातो, सोडला की खाली येतो. मूळ ध्वनिमुद्रणातला दोष इंजिनाचं ऐकत नाही. जो आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर हलतो, तो गाडीतूनच येतो. पुढचा सगळा शोध या एका खुणेवर चालणार आहे.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. त्यांची तान चालू असताना कुठल्याच स्वराशी न जुळणारी ही शिट्टी कानात घुसत असेल, तर गाणं बंद करण्यापलीकडे माणूस दुसरं काय करणार? गाडीच्या मालकाने तेच केलंय. हौसेने चार चॅनलचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, घेतला, डिकीत खालच्या स्वरांसाठीचा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर, बसवला, आणि आता गाडीत शांतता.

कंपनीच्या स्टिरिओवर हा आवाज नव्हता, अ‍ॅम्प आल्यावर सुरू झाला. म्हणून पहिला संशय अ‍ॅम्पवर जातो. पण बहुतेक वेळा अ‍ॅम्प निर्दोष असतो. दोष त्याच्या जोडणीत असतो.

(दृश्य : बोनेट उघडं. पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर.)

शिट्टी जन्मते ती इथे, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये. हा तीन फेजचा एसी करंट तयार करतो, आणि त्याच्या आतले डायोड त्याचा डीसी करतात. तो डीसी कधीच अगदी सपाट नसतो. गाडी बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास जातो. त्या व्होल्टेजवर बारीक लहरी असतात. इंजिन जोरात फिरलं की लहरी दाट होतात, आणि आपल्याला शिट्टीचा स्वर चढलेला ऐकू येतो. या लहरी प्रत्येक गाडीत असतात. त्या गाण्याच्या वायरीत शिरल्या कुठून, ते शोधायचं.

गाडीत प्रत्येक वस्तूला बॅटरीपासून वेगळी मायनस वायर ओढत नाहीत. गाडीचा पत्राच अर्थ, म्हणजे करंट परत जायची मायनस बाजू, म्हणून वापरतात. स्टिरिओचा अर्थ पुढे डॅशबोर्डच्या मागे, अ‍ॅम्पचा अर्थ मागे डिकीत. मधे काही मीटर पत्रा, त्याचे जोड, बोल्ट. त्यातून करंट वाहतो, जोडांना थोडा रेझिस्टन्स असतो, आणि दोन टोकांच्या ‘शून्य’ व्होल्टमध्ये फरक पडतो. फरक काही मिलिव्होल्टचा असला तरी पुरतो. कारण स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांना आणखी एक वायर जोडते : गाणं अ‍ॅम्पपर्यंत नेणारी आरसीए केबल. तिची बाहेरची जाळी दोन्हीकडच्या अर्थला चिकटलेली असते. मग पत्र्यातून जायचा करंट थोडा त्या जाळीतूनही जातो, आणि अल्टरनेटरच्या लहरी गाण्यात मिसळतात. अ‍ॅम्पला गाणं कुठलं आणि घाण कुठली हे कळत नाही. तो दोन्ही वाढवतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

(दृश्य : मेस्त्री आणि गाडीचा मालक डिकीपाशी.)

“मेस्त्री, फिल्टर घालूया का? दुकानात मिळतो म्हणतात.”

“थांब रे बाबा. आधी आवाज कुठून शिरतो ते तर बघू.”

या उत्तरासाठीच आम्ही या गॅरेजात आलो. फिल्टर म्हणून जे विकलं जातं, तो बहुधा आरसीएच्या मधे लावायचा आयसोलेटर असतो. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. लूप तुटतो, शिट्टी जाते, हे खरं. पण स्वस्तातल्या आयसोलेटरचे ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर नीट पुढे जाऊ देत नाहीत. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरतीचं ध्वनिमुद्रण लावून बघा. तिच्यात घुमट वाजतं. घुमटाला २०१९ साली गोवा सरकारने वारसा वाद्याचा मान दिला. त्या मातीच्या भांड्याचा जो खोल, पोटातून येणारा ठोका आहे, तोच पातळ होतो. ज्या खर्जासाठी सबवूफर घेतला, तोच फिल्टरमध्ये गमावायचा, हे मला पटत नाही. आणि ढिला बोल्ट तिकडे ढिलाच राहतो.

मेस्त्री पहिल्यांदा अ‍ॅम्प बंद करतात आणि मगच आरसीए काढतात. हा क्रम महत्त्वाचा. अ‍ॅम्प चालू असताना आरसीए काढ-घाल केली तर काही स्टिरिओंच्या आतला, आरसीएच्या अर्थवरचा केसाएवढा फ्यूज किंवा तांब्याची रेघ जळते, आणि तिथून नवीनच शिट्टी सुरू होते.

आरसीए काढून इंजिन सुरू केलं. स्पीकर चिडीचूप. म्हणजे अ‍ॅम्प स्वतः, त्याच्यापासून निघालेल्या स्पीकरच्या वायरी आणि त्याची पॉवर, यांतून आवाज येत नाही. आरसीए काढूनही शिट्टी राहिली असती, तर शोध तिथेच थांबवून अ‍ॅम्पची बाजू तपासावी लागली असती.

आता मोबाइल थेट अ‍ॅम्पला जोडतात. चार्जरला न लावलेला, हे बघा. गाडीच्या चार्जरला लावलेला मोबाइल स्वतःच एक नवा लूप तयार करतो. गाणं स्वच्छ. शिट्टी नाही.

इथे घाई करणारे चुकतात. मोबाइलवर स्वच्छ, स्टिरिओवर शिट्टी, म्हणजे स्टिरिओ खराब, असा निकाल देऊन मोकळे होतात. पण मोबाइलला गाडीचा अर्थच नाही. तो जोडला तेव्हा लूप आपोआप तुटला. त्यामुळे डिकीतला अर्थ वाईट असला तरी या चाचणीत तो निसटतो. स्टिरिओ, केबल आणि अ‍ॅम्पचा अर्थ, तिघेही अजून संशयित आहेत.

अर्थ तपासायला मल्टिमीटर लागतो, डोळे पुरत नाहीत. डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, तिला लांब वायर जोडून, आणि दुसरी थेट अ‍ॅम्पच्या अर्थच्या स्क्रूवर. आरसीए परत लावून गाणं मोठ्याने चालू ठेवायचं, कारण करंट वाहिल्याशिवाय खराब जोड सापडत नाही. चांगल्या जोडणीत आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. इथे प्रत्येक ठोक्याला तो अर्ध्या व्होल्टच्या वर उडतो आहे.

(दृश्य : अगदी जवळून. डिकीतल्या पत्र्यावरचा बोल्ट. पाना फिरतो.)

बोल्ट सुटला. थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी. तिच्याखालचा पत्रा बघा. कंपनीचा रंग जसाच्या तसा आहे. रंगावरच थिंबल ठेवून बोल्ट आवळलेला. आतापर्यंत करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. आट्यांवर तांबूस गंज. आणि थिंबल जिथे वायरीला दाबलेलं आहे, तिथे तांब्यावर हिरवट थर चढलाय. मेस्त्री नखाने खरवडतात, तर त्याची भुकटी पडते.

गोव्यात हे वारंवार बघायला मिळतं. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यावर समुद्रावरची खारी हवा. पावसात दाराच्या रबरातून, डिकीच्या दिव्यामागून पाणी आत येतं आणि कार्पेटखाली मुरतं. वरून कार्पेट सुकलेलं वाटतं, खाली पत्रा ओलाच असतो. नेमका तिथेच आपला अर्थचा बोल्ट. एप्रिलमध्ये ठीक असलेली जोडणी चवथीपर्यंत का बिघडली, याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं. घाटावरच्या कोरड्या हवेत जी अर्धवट जोडणी वर्षानुवर्षं निभावते, ती इथे एक पावसाळा काढत नाही.

काम सुरू होतं. आधी बॅटरीचा मायनस काढला. मग पॉलिश पेपरने थिंबलच्या आकाराएवढा रंग घासून पत्रा चकचकीत केला. वायर मागे कापून ताजं तांबं उघडं केलं, नवं थिंबल यंत्राने दाबलं. पक्कडीने चेपून टेप गुंडाळणं इथे चालत नाही. दातेरी वॉशर, बोल्ट, नट. आवळून झाल्यावर, आधी नव्हे, वरून ग्रीस आणि रंगाचा हात, म्हणजे ओल आत जाणार नाही. अर्थची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड, आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी असला तरी त्याला हात लावायचा नाही. तो जीव वाचवण्यासाठी आहे.

वायर घेताना तीही तपासून घ्या. जाड दिसणाऱ्या बऱ्याच स्वस्त वायरी आतून अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, वर फक्त तांब्याचा मुलामा. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. दमट हवेत अशी वायर जोडापाशी लवकर बिघडते. थोडे पैसे जास्त जातील, पण सगळं तांबं घ्या.

पुन्हा मल्टिमीटर. आकडा ०.१ च्या खाली. इंजिन सुरू. शिट्टी खूपच उतरली, पण कान लावला तर आहे.

उरलेली शिट्टी केबलमध्ये सापडली. दाराच्या खालच्या पट्टीत आरसीए आणि अ‍ॅम्पची पॉवर वायर एकमेकींना बिलगून पुढून मागे आलेल्या. जाड वायरीतून करंट कमी-जास्त होतो, तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि शेजारच्या केबलमध्ये आवाज उमटतो. पट्टी उघडण्याआधी खात्री करायची सोपी रीत म्हणजे दुसरी आरसीए सीटवरून तात्पुरती ओढून बघणं. तसं केलं, शिट्टी गेली. मग पॉवर डाव्या बाजूने, आरसीए उजव्या बाजूने, आणि ओलांडणं भागच असेल तिथे काटकोनात. आधीची केबल साधी होती. आता पिळाची, म्हणजे आतल्या तारा एकमेकींभोवती पिळलेली, घातली. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना मेस्त्रींनी हात लावला नाही. ते एअरबॅगचे असतात.

इथेही शिट्टी राहिली असती तर स्टिरिओ बाहेर काढला असता. त्याच्या धातूच्या खोक्यापासून आरसीएच्या बाहेरच्या कड्याला वायरीचा एक तुकडा टेकवायचा. आवाज तत्काळ गेला, तर तो मघाचा केसाएवढा फ्यूज उडालेला आहे.

सगळेच आवाज अल्टरनेटरचे नसतात. इंजिन बंद असतानाही सतत ‘स्स्स’ येत असेल तर गेन जास्त आहे. गेन म्हणजे आवाज मोठा करायचं बटण नव्हे. स्टिरिओ जेवढे व्होल्ट देतो तेवढ्याशी अ‍ॅम्प जुळवून घेण्यासाठी ते आहे. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश ठेवा, गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटला की थोडा मागे घ्या. मल्टिमीटर असेल तर चार ओहमच्या स्पीकरला १०० वॉट म्हणजे २० व्होल्ट. स्पीकर काढून, टेस्ट टोन वाजवून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या टोकांवर तेवढा आकडा येईपर्यंत गेन न्यायचा. इंडिकेटरबरोबर टिकटिक, फॅनबरोबर घरघर आली तर पुन्हा अर्थ आणि वायरींचा मार्ग. डॅशकॅम किंवा मोबाइलचा चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर दोष त्या चार्जरचा. चांगला चार्जर घ्या.

(दृश्य : संध्याकाळ. मागची सीट अजून बाहेरच.)

शेवटची तपासणी सीट बसवण्याआधीच होते. बॅटरीपाशी, अर्ध्या मीटरच्या आत, मुख्य फ्यूज आहे ना, ते एकदा बघितलं जातं. तो नसेल तर वायर पत्र्याला घासून आग लागू शकते. मग हेडलाइट, वायपर, एसी, मागच्या काचेचा हीटर, सगळं एकदम चालू. स्टिरिओ चालू, पण गाणं थांबवलेलं, आवाज नेहमी ऐकतो तेवढा. मालक अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत नेतो, सोडतो, पुन्हा नेतो. मेस्त्री डिकीत वाकून सबवूफरला कान लावतात, मग एकेका दाराच्या स्पीकरला.

“काही नाही. सीट घाल आता. आणि पावसाळा संपला की कार्पेट उचलून हा बोल्ट एकदा बघ.”